पळताना आलेली भोवळ साधी समजू नका

शाळेच्या प्रार्थनेला उन्हात ताटकळलेली मुलगी भोवळ येऊन खाली बसते. पोलीस भरतीच्या सरावात सोळाशे मीटरचा शेवटचा टप्पा गाठणारा मुलगा धावता धावताच तोंडावर आपटतो. दोघांबद्दल आपण एकच वाक्य बोलतो: चक्कर आली. दोघांनाही लिंबू-सरबत मिळतं, उपाशीपोटी आल्याबद्दल बोलणी बसतात आणि दुसऱ्या दिवशी दोघंही पुन्हा मैदानावर हजर. मुलीच्या बाबतीत एवढं बहुतेक वेळा पुरतं. मुलाच्या बाबतीत दुसऱ्या दिवशी मैदानावर उतरणं हाच सगळ्यात मोठा धोका असतो.

पुढचा मजकूर क्रीडाशिक्षक, तालमीतले वस्ताद, भरती अकॅडमी चालवणारे आणि खेळणाऱ्या मुलांचे आई-वडील यांच्यासाठी आहे. एक नियम आधीच पक्का करा. व्यायाम चालू असताना शुद्ध हरपली, तर हृदयाची तपासणी पूर्ण होऊन डॉक्टरांची लेखी परवानगी मिळेपर्यंत ते मूल पळणार नाही, पोहणार नाही, कुस्ती धरणार नाही. पाच सेकंदांत उठून ते 'मी ठीक आहे सर' म्हणालं तरीही.

पळताना की थांबल्यावर?

धावताना पायांचे स्नायू दर पावलाला शिरांमधलं रक्त हृदयाकडे ढकलत असतात. शर्यत संपली आणि मुलगा जागीच थांबला की हा पंप बंद पडतो, पण पायांतल्या रक्तवाहिन्या अजून रुंदावलेल्याच असतात. रक्त खाली साचतं, मेंदूला कमी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. रेषा ओलांडल्यानंतर मिनिटाभरात आलेली ही चक्कर बहुधा निरुपद्रवी असते. आडवं झोपवून पाय फूटभर वर धरले की एक-दोन मिनिटांत चेहऱ्यावर रंग परततो. पळून झाल्यावर लगेच न थांबता पाच मिनिटं चालत राहिलं तर ती सहसा येतच नाही.

ऐन जोरात असताना गोष्ट वेगळी असते. तेव्हा नाडी वेगात असते, रक्तदाब चढलेला असतो, अ‍ॅड्रेनॅलिन भरात असतं. अशा वेळी मेंदूचा रक्तपुरवठा एकाएकी तुटायला मुख्यतः दोन कारणं असतात. हृदयातून रक्त बाहेर पडायला कुठेतरी अडथळा आहे, किंवा लय बिघडून हृदय रक्त ढकलण्याऐवजी नुसतं थरथरतंय. उष्माघातात आणि साखर कमी झाल्यावरही मुलं पडतात, पण ती सहसा आधी अडखळतात, असंबद्ध बोलतात, त्यांचा वेग मंदावतो. दिवा विझावा तसं एकदम पडणं आलं की हृदयाकडे बघायचं.

अमेरिकेतला बास्केटबॉलपटू हँक गॅदर्स ९ डिसेंबर १९८९ रोजी सामना चालू असताना कोसळला आणि थोड्या वेळात उठला. तपासणीत हृदयाची लय बिघडत असल्याचं दिसलं, हृदयाचे ठोके आवरणारी प्रोप्रॅनोलॉल ही गोळी सुरू झाली. गोळीने खेळ मंदावतो म्हणून मात्रा कमी होत गेली आणि तो पुन्हा खेळू लागला. ४ मार्च १९९० रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो मैदानावर दुसऱ्यांदा पडला तो उठलाच नाही. शवविच्छेदनात हृदयाच्या स्नायूचा आजार सापडला. पहिली आणि दुसरी वेळ यांच्यात तीन महिने होते. हे मधले दिवस प्रत्येक मुलाला मिळतातच असं नाही. अनेकांमध्ये पहिलं लक्षणच शेवटचं ठरतं. म्हणून ज्याला भोवळीची सूचना मिळाली त्याने ती वाया घालवू नये, एवढंच या लेखाचं सांगणं आहे.

पहिली तीन मिनिटं

मूल पडलं की धावत जा, दोन्ही खांदे हलवून मोठ्याने हाक मारा आणि छाती वर-खाली होते का ते बघा. या सगळ्याला दहा सेकंदांपेक्षा जास्त लावू नका. नाडी शोधत बसू नका. घामेजलेल्या गळ्यावर, स्वतःचे हात थरथरत असताना ती भल्याभल्यांना सापडत नाही.

इथेच दोन गोष्टी लोकांना फसवतात. हृदय थांबल्यावर काही सेकंदांत हातपाय झटके देऊ शकतात, डोळे उघडे राहू शकतात. बघणारे म्हणतात 'फिट आली' आणि कांदा नाहीतर चप्पल हुंगवायला धावतात, मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतात. दुसरी फसवणूक श्वासाची. अधूनमधून येणारी मोठी उचकी किंवा घोरल्यासारखी धाप हा श्वास नसतो, मरणाऱ्या मेंदूची ती शेवटची धडपड असते. खेळणारं मूल अचानक कोसळलं, हाकेला उत्तर देत नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर झटके येत असले तरी हृदय थांबलंय असंच धरा. धडधडणाऱ्या हृदयाच्या मुलाला मिनिटभर छातीदाब दिल्याने फार नुकसान होत नाही. थांबलेल्या हृदयाला तो न दिल्याने होतं.

१. एकाला बोट दाखवून, नाव घेऊन सांगा: १०८ ला फोन लाव. दुसऱ्याला एईडी, म्हणजे हृदयाला शॉक देणारी पेटी, आणायला पिटाळा. तिसऱ्याला रुग्णवाहिकेसाठी फाटकाशी उभं करा. 'कोणीतरी फोन करा' असं गर्दीला उद्देशून म्हटलं तर बहुतेक वेळा कोणीच करत नाही.

२. पाठीवर, कडक जमिनीवर झोपवा. कुस्तीची माती भुसभुशीत असते आणि मॅट दबते, तेव्हा शक्य असल्यास बाहेर ओढून घ्या, पण त्यात वेळ घालवू नका.

३. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मागचा भाग ठेवा, वर दुसरा हात, कोपरं सरळ. ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाबा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. थकलेला माणूस नकळत छातीवर रेलून राहतो, मग हृदयात रक्त भरतच नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला.

४. तोंडाने श्वास द्यायचं शिकला असाल तर ३० दाबांनंतर २ श्वास. शिकला नसाल तर नुसते दाब चालू ठेवा. तलावातून काढलेल्या मुलाला मात्र श्वासांनीच सुरुवात करायची, कारण तिथे प्राणवायू आधीच संपलेला असतो.

५. एईडी आली की लगेच चालू करा, ती बोलून सूचना देते. घाम टॉवेलने पुसून काढा, ओल्या छातीवर पॅड चिकटत नाहीत. एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली बरगड्यांवर. 'कोणी हात लावू नका' ही सूचना पाळा, शॉक द्या आणि त्या क्षणी पुन्हा दाबायला लागा. शुद्ध आली का हे बघत थांबू नका. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी लहान पॅड असतात, ते नसतील तर मोठेच वापरा, पण दोन्ही एकमेकांना टेकणार नाहीत असे: एक छातीवर, एक पाठीवर.

शॉकविना जाणारा प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटवतो. म्हणून शॉक तीन मिनिटांच्या आत मिळेल अशी तयारी हवी. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनला डेन्मार्क-फिनलंड फुटबॉल सामन्यात डेन्मार्कच्या ख्रिश्चन एरिक्सनचं हृदय मैदानावरच थांबलं होतं. सहकाऱ्यांनी वेळ दवडला नाही, वैद्यकीय पथकाने छातीदाब दिले आणि एका शॉकनंतर तो परत आला.

आपल्याकडे सर्रास होणारी चूक म्हणजे बेशुद्ध मुलाला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यात पळवणं. हेतू चांगला असतो, पण तेवढा सगळा वेळ छातीदाब बंद असतात आणि उभ्या स्थितीत मेंदूला उरलंसुरलं रक्तही पोचत नाही. श्वास नसलेल्या मुलाला हलवू नका, जागेवरच दाब द्या. शुद्ध पूर्ण आल्याशिवाय तोंडात पाणीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

श्वास चालू आहे पण मूल बरळतंय, अंग भट्टीसारखं तापलंय, तर तो उष्माघात समजा आणि तिथेच थंड पाण्यात बसवा किंवा बादल्याच्या बादल्या ओता. काखेत, जांघेत बर्फ ठेवा. रुग्णवाहिका येईपर्यंत हे थांबवायचं नाही.

त्याच संध्याकाळी वहीत लिहा

मूल उठलं, बोलायला लागलं की सगळे निश्चिंत होतात आणि सर्वात मोलाची माहिती तिथेच सांडते. हृदयरोगतज्ज्ञाच्या हाती निदानाचं सर्वात चांगलं साधन असतं ते बघणाऱ्याचं वर्णन. तीन दिवसांनी ते 'चक्कर आली होती' एवढंच उरतं. म्हणून ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याच्याकडून त्याच दिवशी लिहून घ्या, नाहीतर मोबाइलवर बोलून ठेवायला सांगा.

नेमकं काय करत होता: चढावर होता, चेंडूमागे होता, की पाणी प्यायला थांबला होता? किती वेळ खेळून झाला होता? पडण्याआधी मळमळ, घाम, कानात गूं-गूं, नजर धूसर होणं असं काही झालं का? ही पूर्वसूचना असेल तर साध्या भोवळीकडे कल जातो. अजिबात नसेल आणि हात पुढे न येता हनुवटी, दात, कपाळ फुटलं असेल तर काळजी वाढते. छातीत दुखलं किंवा फडफडलं का? रंग पांढरा पडला की निळा? झटके पडल्यावर किती वेळाने आले? शुद्धीवर आल्यावर लगेच ओळख पटली, की अर्धा तास गुंगी होती? हृदयाच्या कारणात मूल सहसा चटकन भानावर येतं, अपस्मारात गुंगी लांबते. कोणी चित्रफीत काढली असेल तर ती जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

मग घराण्याची चौकशी. 'घरात कोणाला हृदयविकार आहे का' या प्रश्नाला बहुतेक जण नाही म्हणतात, कारण ते आजोबांच्या हार्ट अटॅकचा विचार करत असतात. प्रश्न वेगळा विचारायला हवा. आजी, आत्या, मामा यांना बसवून विचारा: चाळिशीच्या आत अचानक कोण गेलं? कोण रात्री झोपलं ते सकाळी उठलंच नाही? पट्टीचा पोहणारा असूनही विहिरीत किंवा नदीत कोण बुडालं? 'फिट येऊन' कोण गेलं? सरळ रस्त्यावर गाडी आपोआप उतरून कोणाचा अपघात झाला? पाळण्यातलं मूल कारण न कळता गेलं का? यातल्या विहिरीच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. लाँग क्यूटी नावाच्या आजारात दर ठोक्यानंतर हृदयाची वीज पूर्ववत व्हायला लागणारा वेळ (ईसीजीवरचा 'क्यूटी') लांबतो. त्याचा एक प्रकार पोहतानाही उसळतो, आणि अशा मृत्यूंची नोंद वर्षानुवर्षं 'बुडून' अशी होत आलेली असते.

आणखी एक. मूल जन्मापासून ऐकू न येणारं असेल, त्यातही आई-वडील नात्यातले असतील (मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवं नाही), आणि त्याला भोवळ आली असेल, तर त्याच आठवड्यात ईसीजी काढा. बहिरेपणा आणि लांबलेला क्यूटी एकत्र देणारा एक आनुवंशिक आजार आहे, आणि दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आल्यावर तो होतो.

आत काय लपलेलं असतं

हृदयाचा स्नायू कारणाशिवाय जाड होणं, म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, साधारण ५०० माणसांत एकाला असते. जाड भिंत रक्ताच्या वाटेत येते आणि तिच्यातून विजेच्या लहरी भरकटतात. २६ जून २००३ रोजी ल्यों शहरात कॉन्फेडरेशन्स चषक फुटबॉलच्या उपांत्य सामन्यात कॅमेरूनचा मार्क-विव्हियन फोए ७२व्या मिनिटाला, आसपास कोणी नसताना कोसळला आणि गेला. त्याला हाच आजार होता. भारतीय उपखंडात हृदयस्नायूच्या एमवायबीपीसी३ या जनुकातली २५ अक्षरं गळाल्याचा दोष शंभरातल्या सुमारे चौघांत सापडतो, असं २००९ साली दाखवलं गेलं. तो असलेला प्रत्येक जण आजारी पडत नाही आणि पडले तरी बहुतेक जण मध्यम वयात, पण 'हे गोऱ्यांचे आजार' अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी.

हृदयाला रक्त देणारी डावी धमनी चुकीच्या जागेतून निघून महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्या मधून जात असेल, तर विश्रांतीत काहीच त्रास नसतो. पळताना ती दबते. हा दोष फार फसवा, कारण ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर पळवून काढलेला ईसीजी) दोन्ही स्वच्छ येऊ शकतात.

तिसरा गट विजेच्या दोषांचा, जिथे हृदयाची रचना उत्तम असते आणि इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, काही दिसत नाही. लाँग क्यूटी साधारण २००० जणांत एकाला. त्याचा एक प्रकार व्यायामात आणि पोहण्यात, दुसरा अचानक आवाजाने (गजर, फटाका), तिसरा झोपेत घात करतो. सीपीव्हीटी हा त्याहून दुर्मीळ आणि त्याहून लबाड आहे: विश्रांतीतला ईसीजी पूर्ण नॉर्मल, पण नाडी ११०-१३० च्या पुढे गेली की ठोके भरकटू लागतात. धावताना किंवा भांडणात, परीक्षेच्या धास्तीत वारंवार 'फिट' येणाऱ्या आणि अपस्माराच्या गोळ्यांनी न सुधारणाऱ्या मुलांमध्ये हा आजार शोधावा. वुल्फ-पार्किन्सन-व्हाइटमध्ये विजेची एक जादा वाट असते, आणि ती बहुतेकांत कॅथेटरने (शिरेतून घातलेल्या बारीक नळीने) जाळून कायमची बंद करता येते.

मार्फान हा सांधे आणि महाधमनी सैल करणारा आनुवंशिक आजार, त्याची शंका घरबसल्या घेता येते. मुलाने अंगठा तळहातात घेऊन मूठ वळली की पूर्ण नख करंगळीकडून बाहेर दिसतं का? एका हाताच्या अंगठा-करंगळीने दुसरं मनगट वेढलं की बोटं एकमेकांवर चढतात का? दोन्ही हात पसरल्यावरची लांबी उंचीच्या १.०५ पटींहून जास्त आहे का? उंच, लांब हातांची मुलं व्हॉलीबॉल-बास्केटबॉलसाठी हुडकूनच निवडली जातात, म्हणून ही तपासणी निवड चाचणीतच करावी. खुणा जुळल्या तर महाधमनीची रुंदी इकोवर मोजून घ्या.

आपल्याकडे संधिवाती ताप अजून संपलेला नाही. घसादुखीनंतर सांधे सुजल्याचा इतिहास आणि पळताना वाढत चाललेली धाप असेल तर हृदयाच्या झडपा तपासा. आणि विषाणूच्या तापानंतरची हृदयस्नायूची सूज कोणालाही होऊ शकते. ताप असताना सराव करू नये तो यासाठी. ही सूज सिद्ध झाली तर साधारण ३ ते ६ महिने स्पर्धात्मक खेळ बंद.

छातीवर चेंडू, कोपर किंवा गुडघा बसून पडलेलं मूलही याच यादीत येतं. ठोक्याच्या नेमक्या क्षणी बसलेला मार निरोगी हृदयालाही थांबवतो. २ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटीत अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या डॅमार हॅमलिनचं तसंच झालं आणि मैदानावरच्या उपचारांनी तो वाचला. गोव्याच्या धेंपो फुटबॉल क्लबचा क्रिस्तियानो ज्युनियर ५ डिसेंबर २००४ रोजी बेंगळुरूला फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोलरक्षकाशी टक्कर होऊन कोसळला आणि वाचला नाही. टक्कर झाली म्हणून फक्त मोडलेलं हाड शोधत बसू नका, आधी श्वास बघा.

तपासण्या, आणि त्या कुठे चुकतात

पहिला बारा लीडचा, म्हणजे बारा बाजूंनी हृदयाची वीज टिपणारा ईसीजी, शक्य तर त्याच दिवशी. तो जवळपास कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात निघतो. ईसीजीचा कागद उष्णतेवर छापलेला असतो, पाकिटात घामेजून काही महिन्यांत फिका पडतो. म्हणून लगेच सपाट ठेवून फोटो काढा, झेरॉक्स करा.

मशीनने वर छापलेल्या 'नॉर्मल'वर विसंबू नका, क्यूटी हाताने मोजायला सांगा. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, तेव्हा एक लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा. समजा, दोन ठोक्यांमध्ये २० चौकोन आहेत, म्हणजे ०.८० सेकंद. क्यूटी साडेदहा चौकोन म्हणजे ०.४२. त्याला ०.८० च्या वर्गमुळाने, ०.८९ ने, भागलं की ०.४७ येतं, म्हणजे ४७० मिलिसेकंद. खेळाडूंमध्ये मुलांना ४७० आणि मुलींना ४८० वा त्याहून जास्त आला तर पुढचा तपास हवा, ५०० च्या वर असेल तर शंकेला जागा फारच थोडी उरते. नाडी ५० च्या खाली किंवा ९० च्या वर असताना हे सूत्र दगा देतं. मंद नाडीच्या धावपटूला खोलीत दोन फेऱ्या मारायला लावून पुन्हा काढावा.

उलट चूकही होते. कसून सराव करणाऱ्या मुलाची नाडी ४५ असणं, लहरी उंच दिसणं हे सरावाने आलेलं असतं, आजार नव्हे. सोळा वर्षांखाली पुढच्या तीन छाती-लीडमध्ये टी लहर (ठोक्याच्या शेवटची लाट) उलटी असणंही स्वाभाविक. बाजूच्या लीडमध्ये ती उलटी असेल, तर मात्र इको चांगला आला तरी मुलाला मोकळं सोडू नये. स्नायूचा आजार कधी कधी ईसीजीवर आधी उमटतो, भिंत नंतर जाड होते.

दुसरी टू-डी इको. चिठ्ठीवर 'पळताना शुद्ध हरपली' असं स्पष्ट लिहून घ्या आणि करणाऱ्या डॉक्टरांना विनंती करा की दोन्ही हृदयधमन्या कुठून निघतात ते बघून अहवालात नोंदवावं. नेहमीच्या घाईच्या इकोत हे राहून जातं. दिसलं नाही तर सीटी अँजिओग्राफी किंवा एमआरआय. प्रौढात भिंत १५ मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे आजार, १३-१४ म्हणजे संशय: सरावाने झाली की जन्माची, हे एमआरआय, घरच्यांची तपासणी आणि काही महिने सराव थांबवून केलेली इको यांवरून ठरतं. लहान मुलांत हे आकडे शरीराच्या आकारमानाप्रमाणे बदलतात.

तिसरी ट्रेडमिल, आणि ती इकोनंतरच. अडथळा असलेल्या हृदयाला आधी पळवणं धोक्याचं. प्रौढांच्या सवयीने ट्रेडमिल वयानुसार ठरणाऱ्या कमाल नाडीच्या ८५ टक्क्यांवर बंद करतात. सोळा वर्षांच्या मुलासाठी ते १७३ होतं, जिथे तो पुरता दमलेलाही नसतो. खेळणाऱ्या मुलाला खरोखर दमेपर्यंत पळवावं आणि थांबल्यावर किमान पाच मिनिटं नोंद चालू ठेवावी, कारण लाँग क्यूटीचा पुरावा बरेचदा चौथ्या मिनिटाला दिसतो. होल्टर (दिवसभर अंगावर राहणारा ईसीजी) लावला तर तो दिवस अंथरुणात घालवू नका. डॉक्टरांच्या सांगण्यानुसार चालणं, जिने चढणं व्हायला हवं, नाहीतर चोवीस तासांची नोंद आरामाचीच होते.

न्यूरॉलॉजिस्टकडे जाणं चूक नाही, पण ईसीजी न काढता अपस्माराची गोळी सुरू होणं चूक आहे. खर्चाची अडचण असेल तर शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला भोवळीची नोंद द्या. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना त्यांच्याकडून जिल्हा रुग्णालयात पाठवता येतं.

निदान हाती आल्यावर

बीटा-ब्लॉकरची (ठोके आवरणारी, प्रोप्रॅनोलॉलसारखी) गोळी दम कमी करते, मुलं कुरकुरतात, आणि बरं वाटतंय म्हणून ती सुटते. लाँग क्यूटी आणि सीपीव्हीटीत चुकलेले डोस हे पुन्हा कोसळण्याचं एक मोठं कारण आहे. गोळी आई-वडिलांनी स्वतःच्या हाताने द्यावी, संपण्याच्या आठवडाभर आधी पुढची पट्टी घरात आणावी. लाँग क्यूटीच्या मुलाच्या दप्तरात एक कार्ड ठेवा: अ‍ॅझिथ्रोमायसिन, ओन्डॅनसेट्रॉन, डॉम्पेरिडोन, फ्लुकोनाझोल, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हृदयतज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. उलटी-जुलाबाने पोटॅशियम घटलं तरी क्यूटी लांबतो, तेव्हा जुलाबातही दवाखाना गाठा.

खेळ कायमचा सुटेलच असं नाही. पूर्वी अशा बहुतेक निदानांवर सरसकट बंदी असे. आता आजाराचा प्रकार, खेळ, उपचार आणि घरच्यांची समज पाहून तज्ज्ञ निर्णय घेतात. एरिक्सन छातीत आयसीडी (लय बिघडली की आतूनच शॉक देणारं यंत्र) बसवून पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळला, मात्र इटलीत त्या यंत्रासह खेळायला परवानगी नसल्याने त्याला देश बदलावा लागला. त्याच इटलीत १९८२ पासून स्पर्धक खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची आहे, आणि व्हेनेतो प्रांतात खेळाडूंच्या अकस्मात मृत्यूंचं प्रमाण १९७९ ते २००४ या काळात वर्षाला लाखामागे ३.६ वरून ०.४ वर आलं. प्रत्येक शाळेला ते परवडेल की नाही यावर वाद आहेत. पण भोवळ आलेल्या मुलाचा ईसीजी काढण्यावर कुठेच वाद नाही.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना वेगळं सांगायला हवं, कारण ती लपवतात. मैदानी चाचणीला बाद होऊ, वर्ष जाईल, गावात चर्चा होईल या भीतीने पहाटे चारला अंधाऱ्या रस्त्यावर एकटी पळणारी मुलं भोवळीबद्दल घरीही बोलत नाहीत. अकॅडमीत पहिल्याच दिवशी जाहीर करा की चक्कर सांगणाऱ्याचं नाव कापलं जाणार नाही, आणि ते पाळा. जोडीने पळायला लावा, एकाकडे चालू फोन असू द्या. व्यायामाआधी घ्यायच्या उत्तेजक पावडरी बंद ठेवा. एईडी असेल तर ती कुलपात नको. तिचा हिरवा दिवा दर आठवड्याला आणि पॅडच्या पाकिटावरची मुदत दर महिन्याला बघायचं काम एकाच्या नावावर लिहून ठेवा.

आनुवंशिक आजार निघाला तर आई, वडील आणि सख्खी भावंडं यांचा ईसीजी आणि इको त्याच महिन्यात करून घ्या. स्नायू जाड होण्याच्या आजारात वाढत्या वयाच्या भावंडांची इको एकदा चांगली आली म्हणून विषय मिटत नाही, दर एक-दोन वर्षांनी ती पुन्हा करावी लागते. मोठा भाऊ पुढच्या भरतीसाठी पळत असेल, तर त्याची तपासणी होईपर्यंत त्याचंही पळणं थांबवा.